हिरव्या सोंगट्या

गिरडच्या टेकडीवर गोलसर दगड सापडतात. काही जायफळाएवढे, काही त्याहून मोठे. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले हे गाव. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि या दगडांची गोष्ट गावातले शेंबडे पोरही सांगते. नारळ-जायफळे लादून चाललेल्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येसुद्धा ही कथा नोंदलेली आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा बँकेत अधिकारी होतो, त्यामुळे माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न असा की, हा माल तारण असता तर वसुली कोणाकडून करायची?

१९९७ साली माझी बदली गिरडला झाली, ती मनाविरुद्ध. कुटुंब नागपुरात, मुलांच्या शाळा तिकडे, आणि मी इकडे एका खोलीत. संध्याकाळी रोकड जुळली, तिजोरी बंद झाली की पुढचे चार तास अंगावर येत. वाचून वाचून किती वाचणार? लिहिण्याचा नाद तेव्हा लागायचा होता. अशाच एका संध्याकाळी एका गादीवाल्याच्या दुकानात बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला आणि मी थबकलो.

दुकानदार साठीच्या पुढचे. सारे गाव त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणू लागलो. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या हा धंदा. त्यांचा पटही गादीच्या खोळीच्या कापडाचा, घरे शिवून काढलेला. सोंगट्या लाकडी, लाखेने रंगवलेल्या. एका बाजूच्या लाल, दुसऱ्या बाजूच्या हिरव्या. आपल्याकडे जुन्या संचांत काळ्या-पांढऱ्यापेक्षा हीच जोडी अधिक दिसायची. हिरव्या राजाच्या डोक्याचा टवका उडालेला होता. पाहुण्याला लाल सोंगट्या आणि पहिली चाल, असा चाचांचा शिरस्ता. हिरव्या त्यांच्या. दुकानभर कापसाचे तंतू तरंगत असत, ते पटावर बसत. चाल करण्याआधी चाचा त्यावर हलकी फुंकर मारत. पहिले काही दिवस मला वाटे, हा माणूस फार खोल विचार करतो आहे.

त्यांचा खेळ देशी पद्धतीचा. प्यादे सुरुवातीला एकच घर चालणार, राजाला डावात एकदा घोड्याची उडी. मी शिकलो होतो तो आंतरराष्ट्रीय नियमांचा खेळ. शेवटी तोड निघाली: सोमवार-बुधवार माझे नियम, बाकी दिवस त्यांचे. माझ्या नियमांनी मी कधीमधी जिंकायचो. त्यांच्या नियमांनी जिंकल्याचे आठवत नाही. प्याद्याने मात दिली की ते खूश होत. वजिराने मात करण्यात काय मर्दुमकी, असे त्यांचे म्हणणे.

दोन वर्षे हे चालले. मग १९९९चा उन्हाळा आला. मे महिन्यात कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या. शाखेत पीककर्जाची गर्दी होती आणि रांगेत लढाईशिवाय दुसरा विषय नव्हता. एका संध्याकाळी मी चाचांच्या दुकानाकडे वळलो, तेव्हा पानठेल्यावरचा एक ओळखीचा तरुण मोठ्याने म्हणाला, ‘‘काहून जी साहेब, आज पाकिस्तानसंगं डाव काय? हिरवं कोण अन् लाल कोण?’’ ठेल्यावरचे चारसहा जण हसले. मीही हसलो. पोरगा वाईट नव्हता. पुढे त्याने कर्जही वेळेत फेडले. पण मी हसलो हे खरे. चाचांनी ते ऐकले. त्यांनी सोंगट्या मांडल्या, मी डाव खेळलो, घाईघाईत हरलो आणि उठलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कोणी मला जाऊ नका म्हटले नव्हते. गावात कसलाही तंटा नव्हता. टेकडीवर दोन्ही धर्मांची माणसे नेहमीसारखी जात होती. तरीही मी रस्ता बदलला. खोलीवर जाताना शाळेच्या बाजूने वळसा घालू लागलो.

हे सगळे मी विसरलो होतो. निदान तशी समजूत करून घेतली होती. आठवण झाली ती २०२२च्या जुलैत, सकाळच्या चहाबरोबर वाचलेल्या एका बातमीने.

त्या वर्षी बुद्धिबळाचे ऑलिम्पियाड चेन्नईजवळ मामल्लपुरमला भरले. भारतात प्रथमच. ते आपल्याकडे आले तेही एका बहिष्कारामुळे. स्पर्धा ठरली होती मॉस्कोत. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर सैन्य घातले, जागतिक संघटनेने यजमानपद काढून घेतले आणि पुढे रशिया व बेलारूसच्या संघांनाही मज्जाव केला. आपण घाईने मांडव घातला, आणि चांगला घातला. क्रीडा ऑलिम्पिकसारखी मशाल फिरवायची कल्पनाही त्याच वर्षीची. १९ जूनला दिल्लीत पंतप्रधानांनी ती विश्वनाथन आनंदच्या हाती दिली आणि ती पंचाहत्तर शहरांतून निघाली. आपल्या नागपूर-पुण्यालाही आली. त्याआधी, २१ जूनला, ती श्रीनगरला गेली होती.

बातमी होती २८ जुलैची, उद्घाटनाच्या दिवसाची. मशाल काश्मिरातून नेली म्हणून पाकिस्तानने स्पर्धेवर बहिष्कार टाकला. आपल्या परराष्ट्र खात्याने उत्तर दिले की, काश्मीर भारताचा भाग आहे आणि राहील, आणि संघ भारतात येऊन पोचल्यावर असा निर्णय घ्यावा हे आश्चर्याचे आहे.

मी त्या शेवटच्या वाक्यावर अडलो. संघ पोचला होता. बॅगा उघडल्या असतील. कुणीतरी पहिल्या फेरीत कोण समोर येते याचा तक्ता पाहिला असेल. बुद्धिबळात दुय्यम असलेल्या देशाच्या खेळाडूला दोन वर्षांतून एकदा मोठ्या नावासमोर बसायची संधी मिळते ती इथेच. १८०हून अधिक देश एका छताखाली आणि तुम्ही सामान बांधताय. आपली मशाल आपल्या श्रीनगरला जाण्यात गैर काय, हे मीही म्हणेन. पण मशालीच्या वाटेचा नि त्या खेळाडूंचा संबंध काय होता? त्यांना कोणी विचारलेही नसेल.

बुद्धिबळात हा रोग जुना आहे. इथे लढाई लाकडी असते, म्हणून खऱ्या लढाईवाल्यांना तिची अडचण होत नसेल असे वाटते. ते खोटे आहे. १९३९ साली ऑलिम्पियाड अर्जेंटिनात, ब्युनॉस आयरिसला चालू होते. मध्येच, १ सप्टेंबरला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. इंग्लंडचा संघ स्पर्धा सोडून घरी निघाला. जर्मनीने पोलंडशी खेळायचे कसे, फ्रान्सने जर्मनीशी बसायचे कसे? शेवटी अशा लढती पटाला हात न लावता २-२ बरोबरीत लिहून टाकल्या. बँकेतल्या माणसाला ही नोंद समजते. व्यवहार झालेला नाही, पण वही जुळली पाहिजे. अंतिम हिशेबात जर्मनी पहिला आणि पोलंड अवघ्या अर्ध्या गुणाने दुसरा आला. जी लढत झालीच नाही, तिच्यातले ते अर्धे कुठे गेले कोण जाणे.

त्या पोलिश संघात मिगेल नायडॉर्फ होता. ज्यू. तो अर्जेंटिनातच राहिला. घरचे सारे मागे पोलंडमध्ये अडकले. १९४७ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोत तो डोळ्यांवर पट्टी बांधल्यागत, पट न पाहता, एकाच वेळी पंचेचाळीस जणांशी खेळला. विक्रमाची बातमी जगभर जाईल, आपल्या माणसांपैकी कुणी वाचले असेल तर नाव वाचून पत्र लिहील, ही आशा. पत्र आले नाही. मी कादंबऱ्या लिहितो. पण असा प्रसंग रचला असता तर संपादकाने ‘फार होतंय’ म्हणून परत केला असता.

पुढचे किस्से राजकारणाचे अधिक. १९७६ साली ऑलिम्पियाड इस्रायलमधल्या हैफाला भरले. सोव्हिएत गट आणि अरब देश गेले नाहीत. लिबियाने त्याच सुमारास त्रिपोलीला आपले वेगळे ऑलिम्पियाड मांडले. हैफात ४८ संघ, त्रिपोलीत ३४. तिकडे अमेरिका पहिली, इकडे एल साल्वादोर. त्रिपोलीत तिसरे आले पाकिस्तान. ते पदक कुठल्या कपाटात ठेवायचे, हा प्रश्न त्यांच्या खेळाडूंना पडला असेल का? दहा वर्षांनी, १९८६ला दुबईत उलट घडले. तिथे इस्रायललाच प्रवेश नव्हता, म्हणून हॉलंडसारखे काही युरोपीय संघ गेले नाहीत. भारत गेला. २०१७च्या डिसेंबरात सौदी अरेबियात, रियाधला, इस्रायलच्या खेळाडूंना व्हिसा मिळाला नाही. त्या स्पर्धेत आपला आनंद जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! आम्ही घरी पेढे आणले होते. रिकाम्या खुर्च्या कोणी मोजल्या नाहीत, मीही नाही.

सगळ्यांत लांबलेला बहिष्कार एकट्या माणसावरचा. व्हिक्टर कोर्चनॉय १९७६ साली सोव्हिएत संघातून पळाला. त्यानंतर ज्या स्पर्धेत कोर्चनॉय, तिथे सोव्हिएत खेळाडू नाही, असा शिरस्ताच पडला. आयोजकांपुढे सरळ हिशेब होता: एक कोर्चनॉय बोलवायचा की उरलेले सगळे? बहुतेकांनी काय निवडले असेल ते सांगायला नको. १९८३ साली जगज्जेतेपदाच्या वाटेवरचा उपांत्य सामना त्याचा आणि विशीतल्या गॅरी कास्पारॉवचा होता, अमेरिकेत पासाडेनाला. सोव्हिएत संघाने जागा नापसंत म्हणून कास्पारॉवला पाठवलेच नाही. कोर्चनॉय विजयी जाहीर झाला. बावन्न वर्षांचा माणूस, समोर आयुष्यातली शेवटची मोठी संधी, आणि ती खिशात पडलेली. तरी तो पुन्हा खेळायला तयार झाला. बदल्यात त्याच्यावरचा बहिष्कार उठला. लंडनला सामना झाला, कास्पारॉव ७-४ असा जिंकला आणि दोन वर्षांत जगज्जेता बनला. कोर्चनॉय काही संत नव्हता, भांडखोर म्हणूनच त्याची ख्याती. पण खुर्ची रिकामी असण्यापेक्षा समोर माणूस बसलेला बरा, हे त्याला सात वर्षांच्या एकांतवासाने कळले असावे.

इथे वाचक मला अडवतील. मग बहिष्कार नेहमीच वाईट का? आपल्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनचे काय?

प्रश्न रास्त आहे. सौम्या २००९ साली मुलींची कनिष्ठ जगज्जेती झाली होती. २०१८ साली आशियाई सांघिक स्पर्धेसाठी तिचे नाव भारतीय संघात होते. स्पर्धा आधी बांगलादेशात व्हायची होती, ती इराणला, हमादानला गेली. तिथे स्त्रियांना डोक्याला रुमाल बांधणे सक्तीचे. सौम्याने जाहीर सांगितले की, हे माझ्या हक्कांवर आक्रमण आहे, मी जाणार नाही. आदल्याच वर्षी तेहरानला स्त्रियांची जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली होती. तिथे आपली हरिका गेली, रुमाल बांधून खेळली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोचली. मला दोघींतली एकही चुकली असे वाटत नाही. सौम्याने जे सोडले ते तिचे स्वतःचे होते: संघातली जागा, पदकाची शक्यता. निर्णय तिचा, किंमतही तिचीच. चेन्नईत २०२२ला ती भारताच्या दुसऱ्या महिला संघातून खेळली, नागपूरची दिव्या देशमुखही त्याच संघात होती. त्याच स्पर्धेतून पाकिस्तानचे खेळाडू मात्र पटापर्यंत न पोचताच परतले. सौम्याने न जाणे आणि त्यांना परत बोलावणे, यांना आपण एकच शब्द वापरतो. मराठीला इथे दुसरा शब्द सुचायला हवा होता.

पाकिस्तानचा विषय निघाला की मला एक जुना सामना आठवतो. सुलतान खान हे नाव बुद्धिबळाच्या शौकिनांना ठाऊक असेल. पंजाबातल्या सरगोधा भागातला, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला माणूस. तोही आधी देशी बुद्धिबळ शिकलेला, एक घर चालणाऱ्या प्याद्यांचे. मालक त्याला विलायतेला घेऊन गेले आणि हा १९२९, ३२ आणि ३३ असा तीनदा ब्रिटिश अजिंक्य झाला, हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवून बसला. मग मालक परतले, तोही परतला. १९३५ साली त्याचा सामना झाला व्ही. के. खाडिलकरांशी. दहा डाव. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली, बाकी नऊ सुलतान खानाने जिंकले. सरगोध्याचा माणूस आणि मराठी माणूस पटावर समोरासमोर बसले, नि त्यासाठी कुणाला परराष्ट्र खात्याचे निवेदन काढावे लागले नाही. सुलतान खान १९६६ला पाकिस्तानात वारला. २०२४ साली जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. तो आमचा की त्यांचा, यावर अधूनमधून वाद होतो. गिरडच्या माणसाला या वादाची गंमत वाटेल. कारण ज्या बाबा फरीदांची आठवण गिरडची टेकडी सांगते, त्यांची मूळ कबर पाकपट्टणला आहे. आता पाकिस्तानात. आणि त्यांची वचने शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. घ्या वाटून!

२०२४ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुली आणि महिला दोन्ही सुवर्णपदके घेतली. नाशिकचा विदित गुजराथी आणि आपली दिव्या त्या संघांत होते. महिला संघाचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे. त्या स्पर्धेतली एक चित्रफीत फिरली होती. पाकिस्तानचे खेळाडू भारतीय खेळाडूंबरोबर छायाचित्राला उभे आहेत आणि तिरंगा त्यांच्याही हातात आहे. वर्षभराने, पहलगामच्या हत्याकांडानंतरच्या सप्टेंबरात, दुबईत क्रिकेटचा सामना झाला आणि आपल्या खेळाडूंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले नाही. पहलगाममध्ये ज्यांची माणसे गेली, त्यांच्यात महाराष्ट्रातलीही घरे होती. त्यांना जाऊन ‘खेळ वेगळा आणि राजकारण वेगळे’ असे सांगण्याची माझी छाती नाही. मी एवढेच म्हणेन, की बुद्धिबळात सहसा हातमिळवणीशिवाय डाव सुरू होत नाही. समोरचा हात पुढे करतो आणि तुम्हाला काहीतरी ठरवावे लागते.

मी गिरडला काय ठरवले होते, ते आता सांगून टाकतो.

जून गेला. पाऊस लागला, पेरण्या झाल्या. २६ जुलैला कारगिलची लढाई संपल्याचे जाहीर झाले. त्यानंतरही मी आठवडाभर चाचांकडे गेलो नाही. आता जायला तोंड नव्हते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वीज गेली, खोलीत बसवेना, पाय आपोआप जुन्या रस्त्याने गेले. दुकानात कंदील होता. चाचा रजईला टाके घालत होते. मला पाहून त्यांनी सुई खोचली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, ‘‘या साहेब. रजेवर होता काय जी?’’

‘‘हो,’’ मी म्हटले. ‘‘नागपूरला होतो. जरा लांबली रजा.’’

‘‘घरी सब ठीक?’’

‘‘ठीक.’’

त्यांनी खोळीचा पट अंथरला. डबा उपडा केला. लाल सोंगट्या माझ्याकडे सारल्या, तुटक्या डोक्याचा राजा आपल्या बाजूला ठेवला, पटावर फुंकर मारली. त्या दिवशी वार कोणता होता आणि नियम कोणाचे, याची चौकशी दोघांनीही केली नाही.

मी राजासमोरचे प्यादे उचलले आणि हात तसाच राहिला. जुलैत चाचा दोनदा शाखेत येऊन गेले होते. बचत खात्यातून पैसे काढले होते. रांगेत उभे राहून, काउंटरच्या या बाजूला मी बसलेला दिसत असताना. दोन्ही विड्रॉल फॉर्मवर पैसे द्यायला मंजुरीची सही लागते. ती माझी होती.

‘‘चला साहेब,’’ चाचा म्हणाले, ‘‘चाल तुमची.’’